इलेक्ट्रिक कार घ्यावी का? ठाणे–नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक कार आमची आली, त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, महापेच्या ऑफिसात आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला साधारण तेच ते प्रश्न येतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. फार खोलात न जाता सांगा, घ्यावी की नाही?

रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे तुम्हाला स्वतःचा प्लग मिळणार आहे का, एवढं आधी बघा. मिळणार असेल आणि महिन्याला हजारेक किलोमीटर होत असतील, तर घ्या. प्लग मिळणार नसेल तर बुकिंग थांबवा आणि आधी त्याच्या मागे लागा (प्रश्न ६ ते ९). गाडी शोरूममध्ये कधीही मिळते. प्लगसाठी मात्र कमिटी, महावितरण आणि इलेक्ट्रिशियन अशा तिघांच्या तारखा जुळाव्या लागतात. ओळखीतले जे लोक इलेक्ट्रिक घेऊन वैतागले, त्यातल्या बहुतेकांची तक्रार गाडीबद्दल नाहीच, चार्जिंगच्या जागेबद्दल आहे.

२. एका चार्जमध्ये खरंच किती जाते? जाहिरातीतला आकडा धरायचा का?

नाही. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. उदाहरणार्थ, टाटा नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॅट-तास बॅटरीच्या मॉडेलची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर आहे, पण प्रत्यक्ष वापरात तीनशेच्या आसपास धरा. कुठल्याही गाडीचा अंदाज बांधायला सोपी रीत सांगतो. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये साडेसहा ते साडेसात किलोमीटर जाते. बॅटरी जितक्या युनिटची, त्याला सातने गुणा. तळाची १५ टक्के राखीव ठेवायची म्हणून वजा करा. उरेल तो तुमचा आकडा.

पेट्रोल गाडीच्या अगदी उलट गोष्ट म्हणजे, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये इलेक्ट्रिक गाडी चांगली चालते आणि मोकळ्या रस्त्यावर रेंज घटते. कापूरबावडीला रांगेत उभं असताना मोटर काही खात नाही, फक्त एसी खातो, तोही तासाला एक-दीड युनिट. याउलट समृद्धीवर १२० ने दामटली तर रेंज डोळ्यांदेखत उतरते. त्याच रस्त्यावर ९० ने गेलात तर फरक लगेच दिसतो.

३. महिन्याचा खर्च किती? आकडे द्या.

माझं रोजचं जाणं-येणं, कासारवडवली ते महापे, मिळून ५० किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,२५० किलोमीटर. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून मीटरवर साधारण १९० युनिट पडतात.

घरच्या विजेचा सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये हिशेब केला तर २,३०० रुपये होतात. तेवढ्याच अंतराला ट्रॅफिकमध्ये १३ चा ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला ९६ लिटर लागतील. लिटरला १०४ रुपये धरले तर दहा हजार. सीएनजीवर किलोला २० किलोमीटर आणि ८० रुपये दर धरला तर पाच हजार. आणि तीच इलेक्ट्रिक गाडी रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर २४ रुपये युनिटने भरली तर साडेचार हजार.

शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. घरी प्लग नसेल तर इलेक्ट्रिक आणि सीएनजी यांच्यात पैशांचा फारसा फरक राहत नाही. फक्त सीएनजीच्या रांगेऐवजी चार्जरपाशी थांबायचं. म्हणूनच पहिल्या प्रश्नात मी प्लगवर एवढा अडून बसलो. तुमचा युनिटचा दर बिलाच्या स्लॅबवर ठरतो, त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये लिहिलं आहे.

४. गाडी महाग आहे. जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात?

समजा तुमच्या पसंतीच्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये ऑन-रोड तीन लाखांचा फरक आहे. माझ्यासारखा वापर असेल तर महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास वाचतात. साडेतीन वर्षांत फरक भरून निघतो. पण गाडी फक्त रविवारी बाहेर निघत असेल आणि महिन्याला ४०० किलोमीटरच होत असतील, तर बचत अडीच हजारांच्या आसपास. मग दहा वर्षं लागतील. ठाण्यातून रोज लोकलने जाणाऱ्या मित्रांना मी स्पष्ट सांगतो की पैसे वाचवायला म्हणून घेऊ नका. गाडी चालवायला आवडली म्हणून घेतलीत तर गोष्ट वेगळी.

करांचं म्हणाल तर इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्या गटात पूर्वीइतकी तफावत राहिलेली नाही. जुने तुलनेचे व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे. पेट्रोल कारला तो किमतीच्या ११ टक्क्यांपासून पुढे लागतो, म्हणून तुलना नेहमी ऑन-रोड किमतीवर करा. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावायची घोषणा २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात झाली होती, ती त्याच अधिवेशनात मागे घेतली गेली.

५. कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखाची सूट मिळते ना?

ते कलम ८०ईईबी. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच ती सूट होती. आज कर्ज काढलंत तर मिळणार नाही. एखादा विक्रेता अजून हा मुद्दा सांगत असेल तर त्याचे बाकीचे आकडेही तपासून घ्या.

६. घरी साधा १५ अँपिअरचा प्लग पुरतो की वॉलबॉक्स लागतोच?

बहुतेकांना साधा पुरतो. १५ अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरने तासाला सुमारे ३.३ युनिट वीज जाते. रात्री दहाला लावली आणि सकाळी सहाला काढली तर दीडशे किलोमीटरची सोय होते. रोजच्या पन्नास किलोमीटरला तीन तासही लागत नाहीत.

वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, ७.२ किलोवॅटचा असतो आणि ३२ अँपिअर खेचतो. बिलावर ‘मंजूर भार’ बघा. तो ३ किंवा ५ किलोवॅट असेल तर आधी भार वाढवून घ्यावा लागेल. घरात एका कारऐवजी दोन झाल्या, किंवा रोज शंभराच्या वर किलोमीटर होऊ लागले, की मग वॉलबॉक्सचा विचार करा.

काहीही लावा, वायरिंगमध्ये काटकसर करू नका. सुरुवातीला मी पार्किंगच्या भिंतीवरच्या जुन्याच सॉकेटला चार्जर लावला होता. आठवड्याभरात एका पहाटे काढायला गेलो तर प्लग हाताला चटका देत होता. सॉकेटचं खालचं उजवं भोक तपकिरी पडून तिथलं प्लास्टिक वाकलं होतं. गिझर अर्धा तास चालतो, गाडी सलग सहा-आठ तास. घरगुती सॉकेट त्यासाठी बनवलेलं नसतं. इलेक्ट्रिशियनला सांगा: मीटरपासून स्वतंत्र लाइन, इंडस्ट्रियल सॉकेट, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको.

७. सोसायटी परवानगी देत नाही. काय करू?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो.

आधी नियम काय आहे ते सांगतो. केंद्राच्या वीज (ग्राहक हक्क) नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार ग्राहकाने मागितलं तर इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी वीज कंपनीने स्वतंत्र जोडणी द्यायची आहे. नव्या जोडणीची मुदतही महानगरांत ३ दिवस आणि इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस इतकी कमी केली. ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही रहिवाशाने स्वतःच्या पार्किंगमध्ये आपल्या सध्याच्या मीटरवरून किंवा वेगळ्या जोडणीवरून चार्ज करायला वाव आहे. गाडी चार्ज करण्यासाठी विजेचा परवाना लागत नाही, हे तर २०१८ मध्येच स्पष्ट झालं होतं.

पण नियमाची प्रिंट घेऊन सेक्रेटरींच्या दारात उभं राहू नका. केबल सोसायटीच्या डक्टमधून जाणार, भिंतीला भोक सोसायटीच्या पडणार आणि अर्ज करताना प्रत्यक्षात सोसायटीचं पत्र मागितलं जातंच. कमिटीवर बसलेली माणसं आपलीच शेजारी असतात आणि त्यांना वाटणारी भीती खरी असते. आग लागली तर? उद्या तीस जणांनी मागितलं तर? ट्रान्सफॉर्मर झेपेल का? सार्वजनिक मीटरवरून कोणी वीज चोरली तर?

आमच्याकडे चार महिने गाडं अडलं होतं. ते कशाने सुटलं, ते सांगतो. मी अर्ज बदलला. ‘परवानगी मिळावी’ एवढंच न लिहिता त्याला चार कागद जोडले. पहिला, मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाईल त्याचा हाताने काढलेला नकाशा, मीटरमध्ये अंतर टाकून. दुसरा, परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं पत्र: ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, कुठे कुठे कोणतं संरक्षण, अर्थिंगचं मोजमाप. तिसरा, माझं हमीपत्र: खर्च माझा, भिंत पूर्ववत करण्याची जबाबदारी माझी, फ्लॅट विकला तर जोडणी काढून घेणार किंवा नव्या मालकाच्या नावे करणार. आणि चौथा, पुढे येणाऱ्या सगळ्यांना लागू होईल असा ठरावाचा मसुदा. चौथ्या कागदाने काम केलं. कमिटीला माझ्या एकट्याच्या गाडीत रस नव्हता, त्यांना तिसाव्या गाडीची काळजी होती. सर्वसाधारण सभेत ठराव झाला की प्रत्येकाची केबल एकाच ट्रेमधून जाईल, ट्रेचा खर्च वापरणाऱ्यांत वाटला जाईल आणि एकूण भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की महावितरणकडे एकत्रित अर्ज होईल. आज आमच्याकडे अकरा गाड्या त्याच ट्रेवर आहेत.

विरोध करणाऱ्या काकांना गाडीतून एक चक्कर मारून आणा. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना मी गायमुखपर्यंत नेऊन आणलं. आवाज नाही, धूर नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवलं. पुढच्या सभेत ते स्वतःहून बोलले.

सगळं करूनही लेखी नकार आला, किंवा उत्तरच आलं नाही, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. त्यासाठी सुरुवातीपासून प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तोंडी मागणी आणि तोंडी नकार यांना तिथे काही किंमत नाही.

८. घरच्याच मीटरवरून घेऊ की वेगळा मीटर?

तुमचं सध्याचं बिल काढा. महावितरणचे घरगुती स्लॅब ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या वर असे आहेत आणि वर जाताना दर चढतो. तुमचा वापर महिन्याला १०० युनिट असेल तर गाडीची १९० युनिट दुसऱ्या स्लॅबमध्येच मावतात. घरचाच मीटर बरा. पण घरात दोन एसी, वापर आधीच ३०० च्या पुढे, अशा घरात गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या दराने मोजलं जातं. तिथे वेगळा मीटर घ्या. इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी दरश्रेणी आहे आणि तिला स्लॅब नाहीत, मात्र स्थिर आकार वेगळा लागतो.

तिसरा मार्ग म्हणजे सोसायटीच्या सामाईक मीटरवर सबमीटर. लवकर होतो, पण दर आणि बिलाची पद्धत आधी ठरावात लिहून घ्या. वर्षभराने ‘लिफ्टचं बिल तुमच्यामुळे वाढलं’ अशी कुजबुज सुरू होते आणि ती मिटवायला कागदच लागतो.

कळवा, मुंब्रा, दिवा या भागांत वितरण फ्रँचायझी कंपनीकडे आहे. अर्ज तिथल्या कार्यालयात करायचा.

९. आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे / पार्किंगच नाही / घर भाड्याचं आहे. मग?

स्टॅक किंवा पझल पार्किंगमध्ये दोन अडचणी येतात. गाडी ज्यावर उभी राहते तो पॅलेट वर-खाली सरकतो, त्यामुळे केबल लोंबकळत ठेवता येत नाही. दुसरी अडचण वजनाची. इलेक्ट्रिक गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा काहीशे किलोने जड असते आणि प्रत्येक पॅलेटला वजनाची मर्यादा असते. मशीनवरची पाटी वाचा आणि गाडीचं वजन ब्रोशरमध्ये बघा. तळमजल्याची जागा अदलाबदल करून मिळते का ते विचारा. नाहीतर सोसायटीच्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये सामाईक चार्जर हा एक उपाय उरतो.

नौपाड्यातल्या जुन्या इमारती किंवा नवी मुंबईतल्या सिडकोच्या वसाहती, जिथे गाडी रस्त्याच्या कडेला लागते, तिथे खिडकीतून वायर सोडून फुटपाथवरून गाडीपर्यंत नेलेली मी पाहिली आहे. कृपा करून असं करू नका. पावसात त्या वायरीवरून शाळेची मुलं जातात. अशा ठिकाणी, ऑफिसात चार्जिंगची सोय असेल तरच गाडी घ्या.

भाड्याच्या घरात घरमालकांना स्पष्ट सांगा, ‘लाइन तुमच्या घराची किंमत वाढवते आणि खर्च मी करतो.’ घर सोडताना चार्जर तुम्ही सोबत नेता, मागे फक्त केबल आणि सॉकेट राहतं. लीव्ह अँड लायसन्स करारात एक ओळ घालून घ्या.

१०. बेसमेंटमध्ये चार्जिंगला लावून झोपायचं म्हणजे धोका नाही का?

बॅटरी भरली की गाडी चार्जिंग आपोआप थांबवते. उष्णता वाढली तरी थांबवते. आता आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी येते. ती उष्णतेला जुन्या निकेलवाल्या बॅटरीपेक्षा अधिक टिकून राहते. माझ्या मते पार्किंगमध्ये काळजी करण्याजोगी गोष्ट म्हणजे स्वस्तातलं सॉकेट आणि सैल जोड (प्रश्न ६). तरीही हे विसरू नका की लिथियम बॅटरीने पेट घेतलाच तर ती आग विझवायला भरपूर पाणी आणि वेळ लागतो. म्हणून चार्जिंगच्या जागी भंगार, पुठ्ठे, जुन्या गाद्या साठवू देऊ नका आणि सगळ्या चार्जिंग लाइनचा एक मुख्य स्विच वॉचमनला माहीत असू द्या.

११. पावसात चार्ज केली तर शॉक बसेल का? आणि रस्त्यात पाणी भरलं तर?

चार्जरची गन (गाडीत बसणारं केबलचं टोक) नीट बसल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी वीज घेतच नाही, त्यामुळे पावसात बाहेरच्या चार्जरवर लावायला हरकत नाही. घरचा पोर्टेबल चार्जर आणि त्याचं सॉकेट मात्र छपराखालीच हवं. त्याचा डबा जमिनीवर ठेवू नका, भिंतीला हुक मारून टांगा.

साचलेल्या पाण्याबद्दल चुकीचा आत्मविश्वास फार पसरला आहे. बॅटरीच्या माहितीत दिसणारं ‘आयपी ६७’ म्हणजे एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास. वंदना टॉकीजसमोर भरलेल्या, बस गेली की लाटा मारणाऱ्या गढूळ पाण्यात गाडी घालायचा तो परवाना नव्हे. अर्धं चाक बुडेल एवढं पाणी दिसलं की मागे फिरा. २६ जुलै २००५ आठवणारे ठाणेकर हे कुठल्याही गाडीबद्दल सांगतील. पार्किंगमध्येच पाणी शिरून गाडीचा तळ भिजला असेल तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, सर्व्हिस सेंटरला फोन करा. आणि टो करताना चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागवा. चाकं फिरवत ओढली तर मोटर वीज तयार करू लागते आणि नुकसान होतं.

१२. आठ वर्षांनी बॅटरी बदलायला लाखो रुपये लागणार, हे खरं ना?

बॅटरी हा गाडीतला सर्वांत महाग भाग आहे, हे खरं. पण आठ वर्षांनी ती बंद पडते, हे खरं नाही. बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, लोक तीच मुदत बॅटरीचं आयुष्य समजतात. बॅटरी एकदम मरत नाही, तिची क्षमता हळूहळू उतरते. माझ्या गाडीचे ५२ हजार किलोमीटर झालेत, सर्व्हिस सेंटरने काढलेलं बॅटरीचं आरोग्य ९४ टक्के आहे. वॉरंटीच्या कागदात क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देणार, तो आकडा शोधा. ‘लाइफटाइम’ वॉरंटी असेल तर ती पहिल्या मालकापुरती आहे का, हेही बघा. गाडी विकताना त्याने किंमत बदलते.

१३. १०० टक्के चार्ज करायची की ८० वर थांबवायची?

एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा तरी १०० पर्यंत जाऊ द्या, म्हणजे टक्क्यांचा आकडा अचूक राहतो. निकेलवाली, म्हणजे एनएमसी असेल तर रोज ८०, लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री १००. कोणती आहे ते मॅन्युअलमध्ये मिळेल. घरात वृद्ध आई-वडील असतील तर मी आणखी एक सांगतो. गाडी कधीही ३० टक्क्यांच्या खाली ठेवून झोपू नका. रात्री दोनला हॉस्पिटल गाठायचं असेल आणि नेमकी त्याच रात्री वीज गेली असेल, तर तेवढी शिल्लक पुरते.

१४. टोल माफ आहे म्हणतात. सगळीकडे?

नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात अटल सेतू, मुंबई–पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्ग इथे इलेक्ट्रिक कारला पूर्ण माफी आहे. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. उलव्याहून शिवडीला रोज जाणाऱ्यासाठी ही मोठी रक्कम आहे, कारण इतर कारला पूर्ण सेतूचा एका बाजूचा टोल २५० रुपयांपर्यंत आहे. राष्ट्रीय महामार्गांवर ही माफी नाही. त्यामुळे ठाण्याहून नाशिकला जुन्या महामार्गाने गेलात तर टोल भरावा लागतो, आमणेहून समृद्धीला लागून इगतपुरीपर्यंत गेलात तर तेवढा टप्पा माफ.

वाशी, ऐरोली, मुलुंड, आनंदनगर हे नाके १५ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच छोट्या गाड्यांना माफ आहेत. ती बचत इलेक्ट्रिकच्या खात्यात धरू नका.

१५. गणपतीला गावी जायचं असतं. कोकणात नेता येईल का?

येते, आम्ही दोन वर्षं नेतो आहोत. ठाणे ते चिपळूण अडीचशेच्या आत-बाहेर. घरून १०० टक्के भरून निघतो, एकदा मध्ये थांबतो. माणगावला तीन तास अडकलो तरी एसीला चार-पाच युनिट जातात, म्हणजे तीसेक किलोमीटर. तेवढी घट आधीच धरून ठेवा. गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत चार्जरवरही रांगा असतात, म्हणून बॅटरी ४० टक्के असतानाच पहिला रिकामा चार्जर घ्या, १५ होईपर्यंत थांबू नका. ८० नंतर चार्जिंगचा वेग फार मंदावतो, तेव्हा ८० ला काढा आणि मागच्याला जागा द्या.

खरी अडचण गावच्या घरी येते. पहिल्या वर्षी पडवीतल्या सॉकेटला चार्जर लावला आणि त्याचा लाल दिवा काही जाईना. घरभर तीन पिनांची सॉकेटं होती, पण तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनने माडाशेजारी खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ आणि कोळसा भरला, दोन कळश्या पाणी ओतलं आणि वायर आत आणली. दिवा हिरवा झाला. हे काम मे महिन्यातच करून घ्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी वायरमन मिळत नाही.

१६. बाहेरचे चार्जर भरवशाचे असतात का?

ठाण्यात आणि नवी मुंबईत पूर्वीपेक्षा बरेच झालेत: मॉल, पेट्रोल पंप, महावितरणची स्वतःची केंद्रं. तरीही ॲपवर ‘उपलब्ध’ दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद असतो, किंवा समोर पेट्रोल गाडी उभी असते. मी दोन-तीन ॲप फोनमध्ये ठेवतो, प्रत्येकात थोडे पैसे टाकून ठेवतो आणि निघण्याआधी त्या ठिकाणच्या ताज्या प्रतिक्रिया वाचतो. चार्जिंग संपलं की पाच मिनिटांत गाडी काढा, आणि काचेवर आपला नंबर ठेवा.

१७. बॅटरी ७० टक्के, तरी गाडी चालूच होत नाही. काय झालं?

बहुतेक वेळा बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. दरवाजे, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीला जागं करणारी यंत्रणा तिच्यावर चालते. दोन आठवडे गाडी न हलवता, वर डॅशकॅम चालू ठेवून गेलात की असं होतं. मी उन्हाळ्यात गावाहून परतलो तेव्हा कुलूपसुद्धा उघडेना. किल्लीच्या आत लपलेली साधी चावी काढून दार उघडलं आणि शेजाऱ्यांकडून जंप-स्टार्ट घेतला. ही चावी कुठे असते, ते आजच बघून ठेवा.

१८. देखभाल, पीयूसी, विमा यांचं काय?

इंजिन ऑइल, क्लच, स्पार्क प्लग नाहीत. गाडी मोटरने वेग कमी करते म्हणून ब्रेक पॅडही कमी झिजतात. टायर मात्र जास्त झिजतात, वजन आणि जोर दोन्ही अधिक. पीयूसी लागत नाही. थर्ड पार्टी विम्यावर १५ टक्के सवलत आहे. स्वतःच्या गाडीच्या विम्यात बॅटरीचं पाण्याने होणारं नुकसान आणि घरचा चार्जर धरले आहेत का, ते विचारून लेखी घ्या.

१९. सेकंड हँड घ्यावी का?

स्वस्त मिळते, पण बॅटरीच्या आरोग्याचा अधिकृत सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका. वॉरंटी नावावर होते का ते कंपनीला विचारा (प्रश्न १२). टॅक्सी म्हणून चाललेली गाडी असेल तर ती बहुधा रोज फास्ट चार्जरवर गेलेली असते. नंबर प्लेटवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे व्यावसायिक. प्लेट बदललेली असू शकते, म्हणून आरसीचा इतिहासही बघा.

२०. वीज तर कोळशावरच होते. मग प्रदूषण कमी कसं झालं?

बहुतांश वीज अजून कोळशावर होते, हे मान्य. पण पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते, इलेक्ट्रिक मोटर विजेतली बहुतेक ऊर्जा वापरते. शिवाय माजिवड्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाशी धूर नसतो, आणि माझ्यासाठी हेही कारण आहे. सोसायटीने गच्चीवर सौर पॅनेल लावले तर हिशेब आणखी सुधारतो. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी, त्यात वाहन चार्जिंगही आलं, प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत प्रश्न ७ मधला ठराव मांडाल तेव्हा हाही विषय त्याच कार्यसूचीत घाला.

२१. टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

शोरूमच्या बाहेरची चक्कर पुरेशी नाही. गाडी घरी मागवा. सोसायटीच्या रॅम्पवर चढवा, खालचा भाग घासतो का बघा. मग तुमच्या पार्किंगमध्ये, रोज लावता तशीच लावा आणि चार्जिंगचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते बघा. काही गाड्यांना ते पुढे असतं, काहींना मागच्या बाजूला. मोजपट्टी घेऊन झाकणापासून सॉकेट बसणार त्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा आणि चार्जरच्या केबलची लांबी विक्रेत्याला विचारा. आमच्या इमारतीत एकांना केबल अर्धा मीटर कमी पडली, ते आजही गाडी रोज उलटी लावतात.